जखमेवर दगडी पाला लावताना या चुका टाळा

एकदांडी म्हणा किंवा दगडी पाला, कोल्हापूर भागात ती उसाच्या बांधावर, पन्हाळ्याच्या वाटेवर, अगदी पायरीच्या फटीतसुद्धा उगवते. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण आता इथं इतकी रुळलीय की विळा लागला की हात आपसूक बांधाकडे जातो. खरचटण्यावर चोळलेला पाला लावायची रीत जुनी आहे, मीही लावतो. पण लोक तो ज्या घाईनं लावतात, ते बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जखम न धुता पाला दाबणं. ऊसतोडीत माझ्या मामांच्या पोटरीवर कोयता बसला. "काय हुईत न्हाई, पाला बांधा," मामा म्हणाले. कुणीतरी पायाखालचाच पाला उपटला, मातकट हातानं चोळला आणि वर फडकं आवळलं. रक्त थांबलं, म्हणून सगळे निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी पाय सुजून लाल झाला, अंगात ताप भरला. डॉक्टरांनी जखम उघडली तर आत माती आणि कुजलेला लगदा! धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात. आपण पाला कोंबून त्यांना हवी तशीच जागा करून देतो.

मी आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुतो, पाला वेगळा धुतो आणि मगच वाटतो. जखमेचं तोंड उघडं असेल किंवा खिळा रुतला असेल तर पाल्याला हातच लावत नाही. स्वच्छ कापड दाबून धरायचं नि दवाखाना गाठायचा. जखम मळलेली असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला ५ वर्षं उलटून गेली असतील, तर ते पुन्हा घ्यावं लागतं.

तणनाशक फवारलेल्या बांधावरचा पाला कधीच नको. शेजाऱ्याला विचारायला दोन मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसेल तर पाला तोडू नका.

ओळख फुलावरून पटवा: लांब केसाळ दांड्यावर एकटंच फूल, मध्ये पिवळं, कडेच्या पांढुरक्या पाकळ्यांना तीन-तीन दाते. ओसाडी नावाच्या दुसऱ्या तणाला जांभळट फुलांचे झुबके येतात, ती ही नव्हे.

कुत्रा चावला तर पाला नाही. १५ मिनिटं साबणपाण्यानं धुवा आणि लस घ्या.

मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेवर घरचा कुठलाच प्रयोग नको.

कुणी सांगितलं म्हणून रस पिऊ नका.

आणि वाळलेला लेप ओढून काढू नका, खालची खपली निघते. उकळून कोमट केलेल्या पाण्यानं भिजवा, आपोआप सुटतो.