पाळण्यासारखी डोलणारी होडी: घड्याळ आणि टेपने तोल कसा तपासायचा

गेल्या जुलैत पुतण्याचा हर्णैहून फोन आला. "काका, केबिनवर जाळ्यांसाठी चौकट बसवून घेतली. आता होडी काय झकास डोलते, अगदी पाळण्यासारखी. आधी नुसते हिसके द्यायची." मी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. शेवटची बारा चीफ ऑफिसर होतो, म्हणजे माल कुठे आणि किती भरायचा हे गणित माझ्याच डोक्यावर. पाळणा शब्द ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची दापोलीची एसटी धरली.

हिसके देणारी होडी लवकर सरळ होऊ बघते. मऊ डोलणारी सरळ व्हायला कंटाळते. जेवण सांडत नाही, झोप छान लागते, म्हणून लोक तिलाच चांगली म्हणतात.

कारण असं. होडीचं सगळं वजन एका बिंदूतून खाली ओढतं, तो गुरुत्वमध्य. पाणी वर ढकलतं ते बुडालेल्या भागाच्या मध्यातून. होडी डावीकडे कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि हा ढकलण्याचा बिंदू डावीकडे सरकतो. तिथून सरळ वर रेघ मारा. होडीच्या मधल्या रेघेला ती जिथे छेदते, तो मेटासेंटर. गुरुत्वमध्यापासून तो जितका वर, तितक्या जोराने होडी सरळ होते. या अंतराला जहाजावर जीएम म्हणतात. मेटासेंटर किती उंच हे मुख्यतः रुंदीवर ठरतं, ते सुताराने बांधतानाच ठरवून टाकलेलं असतं. आपल्या हातात राहतो तो गुरुत्वमध्य, आणि वर चढवलेली प्रत्येक वस्तू त्याला वर ओढते.

जीएम डोळ्यांना दिसत नाही, पण डोलण्याच्या वेळेवरून काढता येतो. भरतीला, वारा पडलेला असताना, तळाखाली भरपूर पाणी असेल अशा जागी होडी उभी करा. दोर सैल सोडा, टायर धक्क्याला घासू देऊ नका. डिझेल आणि पाण्याच्या टाक्या एकतर गच्च भरलेल्या नाहीतर रिकाम्या हव्यात. बिल्जमधलं, म्हणजे होडीच्या अगदी तळाशी साठलेलं पाणी काढा, सुटं सामान बांधा. मग पाच-सहा खलाशी डेकवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तालात पळवा. होडी थोडी डोलायला लागली की सगळ्यांना मधोमध उभं करा, आणि तिला आपली आपण डोलू द्या. डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे, ही एक फेरी. अर्धी फेरी मोजणारे बरेच असतात, त्यांचं उत्तर चौपट चांगलं येतं! पाच फेऱ्यांना लागलेली वेळ घ्या, पाचाने भागा. तीनदा करा.

माणसं पळवून तोल बघायची ही युक्ती जुनी. स्वीडनच्या 'वासा' युद्धनौकेवर निघण्याआधी तीस माणसं अशीच पळवली होती. तीन फेऱ्यांत जहाज इतकं कलायला लागलं की ॲडमिरलने चाचणी थांबवली. जहाज मात्र थांबवलं नाही. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या बंदरात दीड किलोमीटरही न जाता ते बुडालं.

आता गणित. सगळ्यात रुंद जागी बाहेरून बाहेर रुंदी मीटरमध्ये मोजा, ०.८ ने गुणा, एका फेरीच्या सेकंदांनी भागा, आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. तो ढोबळ जीएम, मीटरमध्ये. पुतण्याची होडी ४.५ मीटर रुंद, फेरी ५.२ सेकंदांची. ३.६ भागिले ५.२, वर्ग केला की ०.४८. चौकट आणि जाळी मिळून ८०० किलो, गुरुत्वमध्याच्या तीन मीटर वर, होडी ३० टनांची. म्हणजे गुरुत्वमध्य जवळपास ८ सेंटिमीटर वर गेला. चौकटीआधी फेरी ४.८ च्या आसपास असणार.

एक डेकच्या मोठ्या मासेमारी जहाजांना आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, किमान ०.३५ मीटर जीएम सांगते. त्या हिशेबाने ०.४८ वाईट नाही. पुतण्या खूश झाला. मी त्याला बर्फाच्या खणाचं झाकण उघडायला लावलं.

खण तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, मध्ये काही नाही. बर्फ वितळला, पंप तुंबला, तर तळाला पाणी साठतं आणि होडी कलली की तेही त्याच बाजूला धावतं. याचं गणित क्रूर आहे, कारण त्यात रुंदीचा घन येतो. लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले १२, भागिले होडीचे टन: खणात पाण्याशिवाय काही नाही असं धरलं तर जीएममधून २२ सेंटिमीटर गेले. उरले २६. खणाच्या मधोमध लांबीच्या दिशेने पाणी न झिरपणारी फळी घातली की हेच नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं, साडेपाच सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना पंपाचा पाइप मात्र वेगळा हवा. खर्च चौकटीपेक्षा कमी.

माणसंही धावणारं पाणीच. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेल्या 'रामदास' बोटीवर लाटेचं पाणी आलं, घाबरलेले प्रवासी एका बाजूला लोटले आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली.

एक इशारा. हा आकडा लहान कलण्यापुरताच खरा. डेकची कड पाण्यात गेल्यावर काय होईल ते काठ पाण्यापासून किती वर आहे, झाकणं बंद आहेत का आणि डेकवरचं पाणी जायची भोकं मोकळी आहेत का यावर ठरतं. ती भोकं आमच्याकडे मासळी वाहून जाते म्हणून लाकडाने ठोकलेली होती. ती आधी उघडायला लावली. आणि केबिन, विंच (जाळं ओढायचं यंत्र), मोठं इंजिन असं काही बदलणार असाल तर सर्व्हेअरकडून, म्हणजे जहाजं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, रीतसर चाचणी करून घ्या, माझं घड्याळ त्याला पर्याय नाही.

चौकट काढायला पुतण्या तयार नव्हता, पैसे गेले होते. शेवटी तिच्यावरची ५०० किलो जाळी खाली खणात ठेवायची असं ठरलं. फेरी ४.९ वर आली. त्याने केबिनमध्ये सुकाणूच्या वर तेलरंगाने लिहून ठेवलंय: "रिकामी ४.९, सहाच्या वर गेली तर वरचं खाली." परवा फोनवर म्हणत होता, पुन्हा हिसके देते.