भंगारातून इंजिन उचलण्याआधी

पेडल. सगळ्यात आधी हा शब्द हातावर लिहा, मग पुढचं वाचा. मागच्या वेळी डेट्रॉईटजवळच्या एका भंगार यार्डातून मी ट्रकचं 5.3 लिटरचं व्ही-8 इंजिन आणलं, 1970च्या शेव्हेलमध्ये, म्हणजे शेव्हरलेच्या जुन्या कारमध्ये, बसवलं, दोन महिने शनिवार-रविवार घालवून वायरिंग जोडलं. किल्ली फिरवली तर इंजिन सुरू झालं, पण रेस काही घेईना. घेणार कसं? अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल ट्रकमध्येच राहिलं होतं आणि तो ट्रक एव्हाना चेपून चपटा झाला होता.

आता क्रमाने. माझी शेव्हेल एसएस (जोरदार इंजिनाची खास आवृत्ती) नव्हे, 307 घनइंच इंजिनाची साधी मालिबू. त्यामुळे मूळ इंजिन काढताना जीव तुटला नाही. तुमची खरी एसएस असेल तर हे सगळं विसरा आणि आहे तेच इंजिन दुरुस्त करा.

डोनर म्हणून, म्हणजे इंजिन काढून घ्यायला, 1999 ते 2007 मधला सिल्वराडो, सिएरा किंवा टाहो शोधा. काचेतून व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचा. आठवं अक्षर टी असेल तर एलएम7, म्हणजे लोखंडी ब्लॉकचं 5.3. जड आहे, पण दणकट आणि स्वस्त. बी दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं एल33. ते मिळालं तर घासाघीस करत बसू नका. 2007च्या नव्या मॉडेलपासून बऱ्याच 5.3 मध्ये चालता चालता चार सिलिंडर बंद करण्याची सोय असते, त्यांचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) खराब होतात. मी त्या वाटेला जात नाही. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, कसा फिरतो ते वाचणारा सेन्सरही बघा: काळा म्हणजे चोवीस दात्यांचं चाक, करडा म्हणजे अठ्ठावन्न. एकाचा कॉम्प्युटर दुसऱ्याला चालत नाही.

इंजिन तपासायचं ते असं. 24 मिलिमीटरचं सॉकेट आणि लांब दांडा न्या, क्रँकचा बोल्ट हाताने फिरवा. अडकलं तर पुढच्या ट्रककडे. तेलाच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर हेडवरचा (सिलिंडरांवर बसणाऱ्या भागावरचा) नंबर बघा. 706 असेल आणि कास्टेक या ओतकाम कंपनीचा शिक्का असेल तर हात लावू नका. ती हेड आतून तडकतात आणि कूलंट तेलात उतरतं. एक्झॉस्टचे मागचे बोल्ट तुटलेले असतातच, ते गृहीत धरा. मायलेजवर फार विश्वास ठेवू नका, तेल किती काळं आणि चिकट आहे ते बोटाने बघा.

आणि आता पेडल. 2003 पासूनच्या या ट्रकमध्ये थ्रॉटलला (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला) केबलच नाही. पेडल वायरने एका मॉड्यूलला (इलेक्ट्रॉनिक डब्याला) सांगतं, मॉड्यूल कॉम्प्युटरला, आणि मग थ्रॉटल उघडतं. ते मॉड्यूल फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), ब्रेक बूस्टरच्या शेजारी असतं. पेडल, मॉड्यूल, कॉम्प्युटर आणि अख्खी हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जुडगा, एकाच ट्रकमधून काढा. एकाच. मी नंतर दुसऱ्या वर्षाच्या ट्रकचं पेडल मागवलं, मॉड्यूलने त्याला ओळखच दिली नाही. मग मॉड्यूल मागवलं, तर ते कॉम्प्युटरशी बोलेना. शेवटी तिन्ही पुन्हा विकत घेतले, आणि त्यात ऑगस्टची वुडवर्ड क्रूझ, जुन्या गाड्यांची मोठी फेरी, हुकली. हार्नेस कापायची तर नाहीच. प्लग सोडवायला अर्धा तास जास्त लागतो, लागू द्या. यार्डवाला घाई करेल. करू द्या. पेडलला मोजून काही नट असतात, त्यासाठी खाली वाकायला कंटाळा करू नका. मी केला होता.

पुढचं सगळं पटापट. ट्रकचं ऑइल पॅन खोल असतं, शेव्हेलच्या क्रॉसमेंबरला (खालच्या आडव्या दांड्याला) अडतं. 1998 ते 2002च्या कॅमारोचं पॅन घ्या. पॅन उघडलंच आहे तर तेल ओढणाऱ्या पिकअप ट्यूबची ओ-रिंग (रबरी कडी) बदला. एसीचा कॉम्प्रेसर खाली असतो, फ्रेमला लागतो. इंजिनावरचा हवेचा इनटेक उंच आहे, बॉनेट बंद होतं का ते मापून बघा. पेट्रोलचा दाब 58 पीएसआय लागतो. कार्ब्युरेटरचा पंप सहा-सात देतो, तो काढून टाका, लाइनही तशाच दाबाच्या हव्यात. कॉम्प्युटरमधली चोरी-प्रतिबंधक सोय ट्यूनरकडून (कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्याकडून) बंद करून घ्या, नाहीतर सुरू होऊन लगेच बंद पडेल. गिअरबॉक्स त्याच ट्रकचा मिळाला तर बरं. स्टार्टर, माउंट, बोल्टच्या पिशव्या, त्यांवर चिठ्ठ्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

जुनं 307 फेकू नका. त्याच्या ब्लॉकवर गाडीच्या नंबरातले आकडे ठोकलेले असतात. ताडपत्रीखाली ठेवून द्या.

आणि पैसे देण्याआधी ट्रकचा दरवाजा परत एकदा उघडून ड्रायव्हरच्या पायाशी बघा.