बीएएमएस झालं, आता काय? या चुका टाळा

बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, त्याची इंटर्नशिप संपत आली की मुलांचे फोन सुरू होतात. "सर, आरएमओशिप (हॉस्पिटलात निवासी डॉक्टरची नोकरी) धरू की एमडीची तयारी करू?" मी उलट विचारतो, कायम नोंदणी झाली का? पलीकडे शांतता. साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप, आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा अर्ज बॅगेतच! नोंदणीशिवाय बोर्ड लावू नका. नंतर नूतनीकरणाची तारीखही लक्षात ठेवा.

आरएमओशिप वाईट नाही. रात्रपाळीत सलाइन, ईसीजी, दम्याचा अटॅक हे सगळं हाताखालून जातं आणि कुठला पेशंट आपला नव्हे, हे कळतं. चूक होते ती तिथेच मुरण्याची. मी स्वतः तीन वर्षं काढली. एका रात्री पेशंटबरोबर आलेल्या आजींनी विचारलं, "डॉक्टर, नातवाला खोकल्यासाठी सितोपलादी चूर्ण मधातून देऊ की तुपातून?" खोकला कोरडा की कफाचा, हे विचारायचं मला चटकन सुचलंच नाही. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी एका वैद्यांच्या ओपीडीत नुसता बसू लागलो. रात्री नोकरी करा, पण आठवड्यातून तीन सकाळी अशा राखून ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाचा गुरु-शिष्य अभ्यासक्रम विद्यावेतनासह असतो, तोही बघा. एमडी-एमएस करायचं तर एआयएपीजीईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. "सीट मिळाली म्हणून घेतली" असा विषय मात्र घेऊ नका. पुढे तीन वर्षं त्याच विषयात काढायची असतात.

ॲलोपॅथीच्या गोळ्या लिहिण्याबाबत तर भलताच गोंधळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या मुख्तियार चंद निकालानुसार हा अधिकार राज्य सरकारच्या परवानगीवर अवलंबून आहे. म्हणजे इथली सवय घेऊन दुसऱ्या राज्यात गेलात तर अडचणीत याल. तिथला नियम आधी वाचा.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे पहिल्याच वर्षी कर्ज काढून पंचकर्म सेंटर थाटणं. एका ज्युनिअरच्या दवाखान्यात गेलो, तर शिरोधारेचं (कपाळावर तेलाची धार सोडण्याचं) टेबल चादरीखाली आणि वाफ देण्याच्या स्वेदन पेटीत जुन्या फाइली. वमनाला, म्हणजे औषध देऊन उलटी करवण्याच्या उपचाराला, गर्दी होते ती वसंतात, भाडं मात्र बाराही महिने. शिवाय स्त्री आणि पुरुष असे दोन परिचारक लागतात, आणि चांगला परिचारक टिकवणं हे पेशंट टिकवण्याहून अवघड. आधी बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकात औषध), स्थानिक अभ्यंग-स्वेद (मालीश आणि शेक) एवढंच एका खोलीत करून बघा. पेटी मागाहून येईल.

औषधं स्वतः बनवणाऱ्यांनी एक रेषा ओळखावी. स्वतःच्या रुग्णांसाठी काढा, तेल, चूर्ण बनवायला औषध कायद्यात वैद्याला सूट आहे. तेच तेल लेबल लावून शेजारच्या मेडिकलमध्ये ठेवलंत की उत्पादनाचा परवाना लागतो. पहिली बाटली दुकानात जाण्याआधी एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) कार्यालयात चौकशी करा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नको.

सरकारी बाजूला मुलांची आरोग्य तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत, सहा महिन्यांचा कोर्स करून समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. काम चांगलं, पण बहुतेक नेमणुका कंत्राटी असतात. घराचा हप्ता त्यावर बेतू नका.

परदेशाचंही तसंच. दुबईत आयुर्वेदाच्या डॉक्टरांसाठी परवान्याची सोय आहे; अमेरिकेत बीएएमएसवर डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. एजंटाला पैसे देण्याआधी तिथे तुमचं पद काय असणार, ते लेखी मागा.

आणि तो "मधुमेह कायमचा बरा" असा फलक आजच उतरवा. 1954 च्या चमत्कारी उपचार जाहिरात कायद्यात मधुमेहाचं नाव यादीत आहे. इन्स्टाग्रामवरची रीलसुद्धा जाहिरातच धरली जाऊ शकते.