पावसाळ्याचा पाला फेब्रुवारीत भरून ठेवा

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान आज हिरवंगार दिसतं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्या जागी डम्पिंग ग्राउंड होतं. वारा फिरला की खिडक्या लावून जेवायला बसायचो. तो वास आमच्याच घरांतल्या भाजीच्या देठांचा आणि उरलेल्या भाताचा होता. आता कचऱ्याचे ट्रक तुर्भ्याला जातात, म्हणजे तोच वास दुसऱ्यांच्या खिडकीत गेला. हे मला फार लागतं. २०१६च्या घनकचरा नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं म्हटलं होतं. आमची सोसायटी ४० घरांची, तेवढी मोठी नाही. तरीही आम्ही ठरवलं, ओला कचरा गेटबाहेर पाठवायचा नाही, आवारातच त्याचं खत करायचं.

पहिल्या वर्षी चुकलो. पर्यावरण दिन म्हणून ५ जूनला नारळ फोडून पिट, म्हणजे खताचे विटांचे हौद, सुरू केले. आंब्याच्या सालींचे दिवस, त्यात पाऊस लागला. पंधरा दिवसांत खालून काळं पाणी वाहायला लागलं आणि सडक्या अंड्यासारखा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला. मीटिंगमध्ये पिट बुजवायचा ठराव आला, तेव्हा मी एक वर्ष मागून घेतलं.

चूक सुका पाला न घालण्याची होती. ओल्या कचऱ्यात बरंचसं पाणीच असतं. तो दबला की आत हवा शिरत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू तो घाण वास सोडतात. सुका पाला पाणी शोषतो, पोकळी ठेवतो आणि ओल्यातल्या नत्राला जोडीचा कार्बन पुरवतो. पण जूनमध्ये सुका पाला आणणार कुठून?

म्हणून सुरुवात पाल्यापासून करा. आमच्याकडे रोज साधारण २० किलो ओला कचरा निघतो, त्याला अर्धी गोण चुरलेला पाला लागतो. पावसाचे चार महिने म्हणजे ६० गोणी. जानेवारीच्या शेवटापासून सोनमोहर, बदाम, रेन ट्री यांच्याखाली झाडलेला पाला रस्त्याकडेला पेटवलेला दिसतो. झाडणाऱ्यांना विनंती करा, गोण हातात द्या, ते आनंदाने भरून देतात. रेन ट्रीची बारीक पानं सर्वांत चांगली. बदामाचं पान जाड, ते पायाखाली तुडवून चुरा. गोणी पंप रूममागे ताडपत्रीखाली ठेवा. मीटर बॉक्सजवळ किंवा जिन्याखाली मुळीच नको, पाला भुरकन पेटतो.

पिट तीन-साडेतीन फूट लांब, रुंद आणि तेवढाच उंच, विटांमध्ये फटी सोडून बांधलेला असावा. वर पत्र्याचं छप्पर, तळाला बारीक जाळी, नाहीतर घुशी पोखरतात. आमचे चार आहेत. एक भरायला महिना-सव्वा महिना लागतो. चौथा भरेपर्यंत पहिल्याला तीन महिने मिळालेले असतात.

तळाला वीतभर काटक्या आणि नारळाच्या शेंड्या घाला. मग रोज ओल्याचा पातळ थर आणि त्यावर तेवढाच पाला. ओलं उघडं दिसता कामा नये. पहिल्या भरणीला शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने खालवर करा. मग मूठभर घेऊन घट्ट पिळा: पाणी ठिबकलं तर पाला वाढवा, मूठ उघडताच भुगा विखुरला तर थोडं पाणी मारा, नुसता हात ओलसर झाला तर बरोबर. मधोमध हात घालवत नाही इतकं गरम लागलं तर काम जोरात चाललंय. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्याही कचराच खातात. फक्त वर पाल्याचा जाड थर द्या.

हे खालवर करणं अंगमेहनतीचं काम आहे. आमच्याकडे ते झाडलोटीच्या मावशी करतात. त्यांना मेन्टेनन्समधून याचे वेगळे पैसे, हातमोजे आणि गमबूट मिळतात. झाडायच्या पगारातच हे काम खपवू नका, तो अन्याय आहे. आणि पिशव्या, पॅड, ब्लेड ओल्यात टाकणाऱ्या घराला त्याच दिवशी जाऊन सांगा, कारण हात मावशींचा कापतो. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून वेगळा द्यायचा. दुधाच्या पिशव्या विसळून सुक्यात ठेवल्या की कचरावेचक बायकांना त्यांचे पैसे होतात.

‘२४ तासांत खत’ म्हणून मशीन विकायला कोणी आलं, तर बाहेर पडलेला भुगा दोन दिवस भिजवून ठेवायला सांगा. आम्ही ठेवला, तो पुन्हा आंबला. म्हणजे तो नुसता वाळवलेला होता.

तयार खत काळं, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास देतं. चाळून घ्या. चाळणीवर उरलेली भरड फेकू नका, पुढच्या पिटच्या तळाशी घाला. ते त्याचं विरजण, मग शेण-ताक लागत नाही.