डोंगरात काम करायचं आहे त्यांच्यासाठी

पावसाळा सुरू झाला की कुणी ना कुणी विचारतंच, "मला डोंगर खूप आवडतात, यातच काम मिळेल का?" मिळतं. मी त्यावरच जगतो. पण काम देणारा माणूस तुमची आवड मोजत नाही. अनोळखी लोकांचा एक गट तुमच्या हाती सोपवून तो रात्री निवांत झोपू शकेल का, एवढंच तो बघतो. या धंद्यातली सगळी तयारी या एका गोष्टीसाठी असते.

ट्रेक लीडर म्हटलं की सगळ्यांना पुढे चालणारा दिसतो. सुरुवात मात्र शेवटच्या माणसापासून करा. गटाच्या मागे राहणाऱ्याला जे दिसतं ते पुढच्याला दिसत नाही: कोणाचं पाणी संपलंय, कोणाचा बूट चावतोय, कोण थट्टा करता करता अचानक गप्प झालाय. पहिला हंगाम एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेबरोबर असा मागे राहून काढा. पैसे नाममात्र मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत, पण नजर तयार होते. याच काळात दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) रोज हाताळा. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, माणसं सोडताना अँकर (दोर कड्याला पक्का बांधायची जागा) कोणी लावला, दुसऱ्या कोणी तो तपासला का, हे विचारायची सवय लावून घ्या. वरिष्ठ चिडला तरी विचारा.

मग कोर्स. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५), दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (१९५४), मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था, या त्यातल्या मुख्य. बेसिक साधारण चार आठवड्यांचं असतं. त्यात 'ए' ग्रेड मिळाली तर अ‍ॅडव्हान्स, तिथेही 'ए' मिळाली तर सर्च अँड रेस्क्यू आणि मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे आपल्या बोलीतलं एमओआय. शिकवण्याचं काम करायचं असेल तर हे शेवटचं फार मोलाचं. बेसिकला जागा लवकर भरतात, म्हणून पुढच्या वर्षाचा अर्ज यंदाच करा. आणि नुसतं पळून फिट होऊ नका. पाठीवर भरलेली सॅक घेऊन चढ चढायचा सराव ठेवा, तिथे रोज तेच करायचं असतं.

घरच्यांना मात्र "काही धोका नसतो" असं सांगू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमप्रपात झाला आणि अ‍ॅडव्हान्स कोर्सची मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक गेले. ती माणसं कच्ची नव्हती. धोका काय आणि आपण तो कमी कसा करतो, हे आईवडिलांना नीट सांगता आलं, तर उद्या ग्राहकालाही सांगता येईल.

माझं ठाम मत आहे की तुमच्याकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर महागडे बूट किंवा जॅकेट घेऊ नका, रानावनातल्या प्रथमोपचाराचा कोर्स करा. 'वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर' सत्तर-ऐंशी तासांचा असतो आणि ठरावीक काळाने त्याची उजळणी करावी लागते. अ‍ॅम्ब्युलन्स तासाभरात येणारच नाही, हे धरून तो शिकवला जातो. हिमालयात ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, डोकेदुखी वाढत असेल तर वर न्यायचं नाही, आणि तोल जाऊ लागला किंवा बसल्याबसल्या धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरवायचं, हे पाठ नको, अंगवळणी पडलेलं हवं. सह्याद्रीत उंचीचा त्रास नाही, पण आग्या मधमाश्या आहेत. कड्याला पोळी लटकत असतील तिथे धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही.

काहींना जंगलाची ओढ असते. जुन्या शिकारकथा वाचून शिकारीच्या वाटाड्याचं काम डोक्यात असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. मात्र माग काढायचं कसब वाया गेलेलं नाही. मांजरकुळातल्या प्राण्याच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत, कुत्रा-कोल्ह्याच्या ठशात उमटतात. सांबर ओरडलं तर ते बहुधा काहीतरी पाहूनच. असं वाचता येणारी माणसं ताडोबासारख्या ठिकाणी मार्गदर्शक म्हणून लागतात, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावणाऱ्या संशोधकांनाही लागतात. शिकायचं ते त्या जंगलालगतच्या गावकऱ्यांकडून, आणि काम मिळाल्यावर त्यांना विसरायचं नाही.

पाण्याकडे ओढा असेल तर तारकर्लीला स्कूबाचं प्रशिक्षण मिळतं. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर, म्हणून तिथला दिवस सकाळीच सुरू होतो.

हंगामाचं गणित आधीच मांडा. पावसाळ्यात सह्याद्री, हिवाळ्यात कडे आणि दोर, एप्रिल-मेमध्ये मुलांची शिबिरं, मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमालय. मधल्या रिकाम्या आठवड्यांत घरभाडं द्यावंच लागतं. म्हणून एखादं दुसरं काम जोडीला ठेवा: साहित्याच्या दुकानात, कृत्रिम भिंतीवर क्लाइंबिंग शिकवणं, किंवा संस्थेच्या कार्यालयात परवानग्या आणि नोंदणीचं काम. या शेवटच्याला कोणी हौसेने हात लावत नाही, म्हणूनच ते येणाऱ्याला काम मिळतं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात आयोजकांसाठी नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आहेत. ते बारकाईने वाचलेला उमेदवार मुलाखतीत वेगळा ओळखू येतो.

आणि तुम्हीही प्रश्न विचारा. विमा कोणाच्या नावावर आहे? एका लीडरमागे किती माणसं? दोर कधी घेतला, त्याच्या वापराची नोंद आहे का? सगळ्यात महत्त्वाचं, हवा बिघडली म्हणून मी गट अर्ध्यातून परत आणला, तर माझ्या दिवसाचे पैसे मिळतील का? "नाही" असं उत्तर आलं तर तिथे काम घेऊ नका. परत फिरण्याचा निर्णय ज्याच्या खिशाला झळ लावतो, त्या लीडरवर तो आयोजक स्वतःच्या मुलांना सोपवणार नाही, आणि तुम्हीही दुसऱ्यांच्या मुलांना अशा अटीवर नेऊ नये.