लंडनच्या आकाशातील जुनी लढाऊ विमाने पाहताना

जूनमध्ये लंडनला असाल, तर राजाच्या अधिकृत वाढदिवसाच्या संचलनानंतर दुपारी एकच्या सुमारास होणारे हवाई संचलन अवश्य पाहावे. त्यात बहुधा दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर, हरिकेन आणि चार इंजिनांचे लँकेस्टर ही विमानेही असतात. बहुतेक लोक ‘द मॉल’ या रस्त्याच्या कडेला गर्दी करतात, पण तेथील झाडे जूनमध्ये पानांनी गच्च भरलेली असल्याने आकाशाची अरुंद पट्टीच दिसते. त्यापेक्षा दक्षिणेकडील सेंट जेम्स पार्कमधील मोकळी हिरवळ बरी, कारण तेथून उत्तरेकडे पाहताना ऊन पाठीशी राहते आणि विमाने नुसत्या काळ्या आकृत्या वाटत नाहीत. ती ट्रफाल्गर चौकाच्या बाजूने राजवाड्याकडे येतात, म्हणून नजर उजवीकडे लावून ठेवावी.

स्पिटफायरचे पंख लंबवर्तुळाकार व पातळ, तर हरिकेनचे जाड असून त्याच्या पाठीला किंचित कुबड असते. आवाजावरून ती ओळखण्याचा हट्ट मात्र व्यर्थ आहे, कारण हरिकेनला आणि बहुतेक स्पिटफायरना मर्लिन इंजिनच असते, आणि लँकेस्टरलाही तेच. छायाचित्रासाठी शटरचा वेग सेकंदाच्या २५०व्या भागाच्या आसपास ठेवावा. फार वेगवान ठेवल्यास पंखा गोठलेला दिसतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखे वाटते. जोराचा वारा किंवा खाली उतरलेले ढग असल्यास ही वयस्कर विमाने ऐनवेळी वगळली जातात, मग जेट विमाने ठरल्याप्रमाणे आली तरीही. तेव्हा निघण्यापूर्वी हवामान पाहावे.