परक्या शहरात राहताना रोजचे रस्ते कॅमेऱ्यात कसे टिपावेत

नव्या देशातल्या मोठ्या शहरात बिऱ्हाड थाटलं की पहिले सहा-आठ आठवडे सगळंच नजरेत भरतं. कचऱ्याच्या डब्यांचे रंग, सिग्नलच्या खांबावरचं बटण, दुकानांच्या दारांवर हाताने लिहून लावलेल्या सूचना, बसथांब्यावर दोन माणसांमध्ये राखलेलं अंतर. पुढे हे सगळं सवयीचं होतं आणि दिसेनासं होतं. म्हणून शहराची नीट ओळख झाल्यावर छायाचित्रं काढू, असं म्हणत थांबू नका. प्रसिद्ध इमारती सहा महिन्यांनीही तिथेच असतील. नवखी नजर मात्र तोवर उरलेली नसेल, तेव्हा आधी तिचा उपयोग करून घ्या.

या काळात रोज तीन गोष्टी वहीत लिहा: आज काय नवल वाटलं, ते कुठे दिसलं आणि किती वाजता. त्याचं छायाचित्र चांगलं आलं नाही तरी चालेल, नोंद मात्र चुकवू नका. दोन महिन्यांनी हीच यादी कामाचे विषय सुचवते. 'फुटपाथवर पडलेले एकेकटे हातमोजे' किंवा 'दुकान उघडण्याआधीची पाच मिनिटं' हे विषय चाळीस छायाचित्रं पेलू शकतात. 'शहरातलं जीवन' हा विषय एकही पेलत नाही, कारण त्यात काय घ्यायचं नाही हे ठरतच नाही.

एक फेरा ठरवा

रोज नवा भाग पालथा घालण्यापेक्षा घरापासून चालत जाता येईल असा साधारण एक किलोमीटरचा फेरा निवडा. त्यात चार गोष्टी असाव्यात: वर्दळीचा एक चौक, बस किंवा मेट्रोचा एक थांबा, जिथे माल उतरतो अशी एक मागची गल्ली आणि एखादी मोकळी भिंत. छायाचित्रकार सॉल लायटर यांनी न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये आपल्या घराच्या आसपासच कित्येक दशकं काम केलं. एवढ्या छोट्या भागात विषय संपत नाहीत, याला तो पुरेसा पुरावा आहे.

पहिल्या आठवड्यात हा फेरा तीन वेगवेगळ्या वेळी मारा: कामावर जायच्या गर्दीत, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर. प्रत्येक कोपऱ्यावर ऊन कुठून येतं, कोणत्या काचेवरून परावर्तन होऊन समोरच्या फुटपाथवर पडतं आणि ते किती वाजता नाहीसं होतं, हे टिपून ठेवा. काचेच्या उंच इमारतींमुळे मोठ्या शहरात असे दुय्यम उजेडाचे चौकोन बरेच सापडतात, आणि ते सावलीच्या बाजूला पडत असल्याने उठून दिसतात. आकाशात सूर्य तासाला साधारण १५ अंश सरकतो. त्यामुळे अरुंद गल्लीतला उन्हाचा पट्टा वीस मिनिटांतही जाऊ शकतो. वेळ लिहून ठेवली नसेल तर दुसऱ्या दिवशी तो चुकतो.

विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातून दूर उत्तरेला गेलेल्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. ५० अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त १६-१७ अंश वर असतो. म्हणजे दिवसभर लांब सावल्या आणि तिरपा उजेड मिळतो, पण दिवस जेमतेम आठ तासांचा. जूनमध्ये तोच सूर्य ६३ अंशांवर जातो आणि दुपारची छायाचित्रं सपाट येऊ लागतात. तेव्हा संध्याकाळी उशिरा बाहेर पडा. हिवाळ्यात हीच सवय ठेवलीत तर अंधारच मिळेल.

फेरा पाठ झाला की महिन्यातून एकदा एखाद्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि तीन-चार थांबे चालत परत या. शेवटच्या थांब्याजवळ पाहुण्यांसाठी सजवलेलं काही नसतं, म्हणून तिथे शहर जसं आहे तसं भेटतं.

कॅमेरा कसा लावावा

फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ किंवा ३५ मिलिमीटरची एकच लेन्स लावा. एपीएस-सी (त्याहून लहान) सेन्सर असेल तर १८ किंवा २३. झूम टाळा, कारण लेन्स एकच राहिली की किती अंतरावरून किती चौकटीत येईल हे आठ-दहा दिवसांत अंगवळणी पडतं आणि कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट ठरलेली असते. लांब पल्ल्याच्या लेन्सने दुरून काढलेली माणसं चोरून टिपल्यासारखी दिसतात, शिवाय आजूबाजूचं शहर त्यातून गायब होतं.

ऑटोफोकसवर विसंबू नका. गर्दीत तो मागच्या पाटीवर किंवा पुढून गेलेल्या खांद्यावर जाऊन बसतो. त्याऐवजी फोकस हाताने एका अंतरावर बांधून ठेवा. ३५ मिलिमीटर लेन्सवर एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ठेवून फोकस ३ मीटरवर बांधला तर साधारण १.९ ते ७ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. २८ मिलिमीटरवर एफ/८ आणि २.५ मीटर ठेवलं तर ही पट्टी १.४ ते १० मीटर होते. ५० मिलिमीटरवर मात्र ३ मीटरला फोकस करूनही जेमतेम २.३ ते ४.२ मीटर हाती लागतात, म्हणून सुरुवातीला ती लेन्स नको. ३ मीटर म्हणजे किती, हे घरात टेपने मोजून जमिनीवर खूण करा आणि त्या अंतरावर उभं राहून पाहा. बहुतेकांचा अंदाज सुरुवातीला बराच चुकतो.

आता शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड किती वेळ पडतो ते. माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो. १/६० सेकंदात तो दोन सेंटिमीटरहून जास्त सरकतो, १/२५० मध्ये साडेपाच मिलिमीटर आणि १/५०० मध्ये तीन मिलिमीटरच्या आत. पाऊल मात्र धडापेक्षा खूप वेगाने हलतं, म्हणून चेहरा स्पष्ट आणि बूट पुसलेला अशी छायाचित्रं येतात. दिवसा १/५०० हा किमान वेग धरा. एफ/८, किमान शटर १/५००, आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४०० एवढं लावलं की दिवसभर बटणांकडे पाहावं लागत नाही. मोकळ्या सावलीत आयएसओ १००० च्या आसपास जाईल. त्याने येणारे दाणे हललेल्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही परवडतात.

ऊन आणि गडद सावली एकाच चौकटीत असेल तर एक्स्पोजर उणे १ करा, म्हणजे छायाचित्र मुद्दाम थोडं गडद येऊ द्या. सावलीतला तपशील नंतर थोडाफार वर काढता येतो, पण पांढरा फटक पडलेला शर्ट परत मिळत नाही. रात्री दुकानांच्या उजेडात एफ/२, १/१२५ ते १/२५० आणि आयएसओ १६०० ते ३२०० यापासून सुरुवात करा. एफ/२ वर फोकसची पट्टी अरुंद होते, तेव्हा तिथे ऑटोफोकस परत चालू करावा.

देश बदलला की एक गोष्ट हमखास बिघडते आणि तिचं कारण पटकन सापडत नाही. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. भारतात आणि युरोपात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला १०० लुकलुकी. उत्तर अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, म्हणजे १२०. जपानच्या पूर्व भागात ५०, तर पश्चिम भागात ६०. जुन्या सवयीच्या शटरवर भुयारी स्टेशनात आडवे काळे पट्टे आले की कॅमेरा बिघडल्याचा संशय येतो. ५० हर्ट्झच्या देशात १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२५ ठेवून पाहा. अशा ठिकाणी आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, कारण पट्टे त्याच्यातच सर्वांत ठळक येतात. बसच्या कपाळावरची एलईडी पाटीही १/५०० वर अर्धवट उमटते. पाटी वाचता यायला हवी असेल तर १/१२५ किंवा त्याहून मंद शटर लागेल.

फोनवरही हे काम उत्तम होतं. मुख्य कॅमेराच वापरा, पोर्ट्रेट मोड आणि नाइट मोड बंद ठेवा. नाइट मोड अनेक फ्रेम जोडून एक छायाचित्र बनवतो, त्यात चालणारी माणसं विरघळतात. फोकस आणि एक्स्पोजर बोट दाबून ठेवून लॉक करा आणि आवाजाच्या बटणाने टिपा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा बसतो. रात्री दिव्यांभोवती पसरट रेघा दिसल्या तर आधी लेन्स पुसा.

आधी मागचं दृश्य, मग माणूस

नवख्यांची बहुतेक छायाचित्रं फसतात ती माणसाच्या मागे धावल्यामुळे. माणूस रंजक असतो, पण त्याच्या डोक्यातून खांब उगवलेला असतो आणि मागे अर्धी मोटार. उलट करा. आधी भिंत, उन्हाचा पट्टा, पाटी किंवा काच शोधा, चौकट पक्की करा, चारही कडा एकदा पाहून घ्या आणि वीस मिनिटं उभे राहा. माणसं त्या चौकटीत येत राहतील. पाऊल पूर्ण फाकलेलं असतानाचा क्षण घ्या, पाय एकमेकांवर आले की आकृती खांबासारखी दिसते. दोन माणसं एकमेकांना झाकत असतील तर अर्धं पाऊल बाजूला सरका. बहुतेक वेळा एवढ्यानेच प्रश्न सुटतो.

काचेआडचं टिपताना लेन्सचं हूड (पुढे लावायची कड) काचेला जवळजवळ टेकवा म्हणजे तुमचं प्रतिबिंब जातं. पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) लावलात तर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी होतो, तेवढा आयएसओ वाढेल हे धरून चाला. पण प्रतिबिंब दरवेळी घालवू नका. आतलं दुकान आणि बाहेरचा रस्ता एकाच काचेत मावतात तेव्हा चौकट खरोखर भरते.

कडाक्याच्या थंडीत जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवा, गार बॅटरी लवकर मान टाकते. घरात शिरण्याआधी, बाहेर असतानाच कॅमेरा हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि आत आल्यावर तासभर उघडू नका. नाहीतर खोलीतली दमट हवा गार लेन्सवर पाण्याचा थर बनून बसते.

माणसं आणि कायदा

'सार्वजनिक जागेत छायाचित्र काढायला बंदी नाही' हे वाक्य एका देशातून दुसऱ्या देशात नेऊ नका. जर्मनीत १९०७ पासूनच्या कायद्यानुसार ओळखू येणाऱ्या माणसाचं छायाचित्र प्रसिद्ध करायला सर्वसाधारणपणे त्याची संमती लागते. सभा, मिरवणुका आणि जिथे माणूस दृश्याचा केवळ दुय्यम भाग आहे अशी छायाचित्रं हे अपवाद. हंगेरीत २०१४ च्या नागरी संहितेनुसार छायाचित्र काढण्यासाठीही संमती अपेक्षित आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या तरुणीचं छायाचित्र तिला न विचारता नियतकालिकात छापलं गेलं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. संयुक्त अरब अमिरातीत तर परवानगीशिवाय दुसऱ्याचं छायाचित्र काढणं गुन्ह्यात मोडू शकतं. काढणं आणि प्रसिद्ध करणं यांचे नियम निरनिराळे असतात, दोन्ही वाचा. लष्करी जागा, विमानतळावरची तपासणी आणि न्यायालयं सगळीकडेच टाळावीत. ट्रायपॉडला बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी लागते.

व्हिसाच्या अटीही पाहा. नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर छायाचित्रं विकून मिळालेली छोटी रक्कमसुद्धा परवानगीबाहेरचं काम ठरू शकते.

तुम्ही इथे राहता, पर्यटक नाही. त्याच दुकानदाराला उद्याही तोंड दाखवायचं आहे. कॅमेरा लपवू नका, छातीवर दिसेल असा ठेवा. स्थानिक भाषेतली चार वाक्यं उच्चारासकट पाठ करा: 'काढू का?', 'मी इथेच जवळ राहतो', 'तुम्हाला पाठवू का?' आणि 'लगेच पुसून टाकतो'. कोणी हरकत घेतली तर वाद न घालता त्यांच्यासमोर पुसा. कायदा तुमच्या बाजूने असला तरीही पुसा. बेघर, नशेतली किंवा रडणारी माणसं आणि एकटी मुलं यांची ओळख पटेल अशी छायाचित्रं काढू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्याला पाठवतो म्हणालात त्याला आठवड्याच्या आत पाठवा. त्या गल्लीतली पुढची सगळी दारं त्यावर उघडतात.

घरी आल्यावर

सगळ्यात आधी कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. देश बदलल्यावर ते जुन्याच वेळेवर चालत राहतं, आणि जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे वर्षातून दोनदा पुन्हा चुकतं. मग वहीतल्या नोंदी आणि छायाचित्रांच्या वेळा जुळत नाहीत. राहत्या परिसरातली छायाचित्रं टाकण्याआधी त्यातली स्थानाची माहिती काढून टाका, तिच्यावरून घराचा पत्ता सहज कळतो.

फोल्डरला २०२५-०३-१४ असं वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव द्या, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. भाड्याची घरं वारंवार बदलणाऱ्यांच्या डिस्क सामान हलवतानाच आपटतात.

निवड त्याच रात्री करू नका. टिपतानाची मजा ताजी असते तोवर साधं छायाचित्रही थोर वाटतं. छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड आपले फिल्मचे रोल मुद्दाम वर्ष-वर्ष धुवायचे नाहीत. अर्थात त्याला दुसरी बाजूही आहे: १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले राहिले होते. दोन आठवडे थांबणं पुरे. मग महिन्याच्या ढिगातून वीस निवडा, १० बाय १५ सेंटिमीटरच्या स्वस्त प्रती काढा आणि टेबलावर मांडा. पडद्यावर एकेक पाहताना जी पुनरावृत्ती लक्षात येत नाही ती इथे लगेच दिसते. एकाच प्रकारची पाच असतील तर एक ठेवा.

प्रतीच्या मागे पेन्सिलीने रस्त्याचं नाव, तारीख आणि वहीतली त्या दिवशीची ओळ लिहा. नाव स्थानिक लिपीत आणि देवनागरीत दोन्ही लिहा. भाषा अजून नीट येत नसताना ऐकीव उच्चारावरून लिहिलेली नावं नंतर नकाशावर सापडत नाहीत.